पळसदरी–खोपोली परिसर : तंत्रविद्या आणि भांडवलाची उभारणी

महाराष्ट्र राज्याच्या रायगड (पूर्वीच्या कुलाबा) जिल्ह्यातील कर्जत व खालापूर तालुक्यांत, बोरघाटाच्या पायथ्याशी असलेला औद्योगिक इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रदेश. पळसदरी हे मुंबई–पुणे लोहमार्गावरील कर्जतच्या पुढील स्थानक असून मुख्य मार्ग येथून घाट चढू लागतो, तर खोपोलीकडे जाणारा फाटा येथेच वेगळा होतो. लोहमार्गाच्या पाणीपुरवठ्यासाठी बांधलेल्या तलावामुळेही हे गाव ओळखले जाते. आगगाडी व जलविद्युत् या दोन तंत्रविद्यांची भारतातील पहिली मोठी कसोटी सु. पन्नास वर्षांच्या अंतराने याच डोंगरउतारावर लागली. दोन्ही प्रसंगी यंत्रसामग्री परदेशांतून आली. परंतु भांडवल कोणी दिले, धोका कोणी पत्करला आणि जमीन कोणाची गेली, या तीन प्रश्नांची उत्तरे मात्र वेगवेगळी मिळाली. नवी तंत्रविद्या हाती घेणारा उद्योजक पैसा, पाणी, जमीन, श्रम व ग्राहक यांची जुळणी कशी करतो, हे समजून घेण्यास या परिसराचा इतिहास विशेष उपयोगी आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी : सह्याद्रीची धार येथे कोकणपट्टीवर जवळजवळ सरळ कोसळते. माथ्यावरील लोणावळा–खंडाळा भागात पावसाळ्याच्या चार महिन्यांत प्रचंड पाऊस पडतो. उरलेले आठ महिने बहुतेक कोरडे जातात. माथ्यावर उगम पावणाऱ्या इंद्रायणी, आंध्रा, मुळा इ. नद्या पूर्वेकडे भीमेच्या, म्हणजे पर्यायाने कृष्णेच्या खोऱ्यात वाहत जातात. पायथ्याशी मात्र उल्हास व पाताळगंगा या पश्चिमवाहिनी नद्या आहेत. माथा आणि पायथा यांच्या उंचीतील सु. पाचशे मी. फरक हा दळणवळणाच्या दृष्टीने अडथळा होता. जलविद्युत् अभियंत्यांच्या दृष्टीने तोच फरक संपत्ती ठरला.

बोरघाट हा कोकण व देश यांना जोडणारा जुना मार्ग. खोपोली येथे नाना फडणीस यांनी बांधलेले शिवमंदिर व तलाव या वाहतुकीच्या महत्त्वाची साक्ष देतात. १८३० मध्ये सर जॉन मॅल्कम याच्या कारकीर्दीत घाटातून गाडीरस्ता खुला झाला. तथापि देशावरचा कापूस बैलांच्या पाठीवरून किंवा गाड्यांतून मुंबईस पोहोचण्यास फार काळ लागे व वाटेत तो खराबही होई. लँकाशरच्या गिरण्यांना भारतीय कापूस हवा असल्याने घाटावर लोहमार्ग नेण्याची कल्पना इंग्‍लंडमध्ये उचलून धरण्यात आली.

लोहमार्ग व हमीचे भांडवल : १८४५ मध्ये मुंबईत लोहमार्गाच्या पुरस्कारासाठी जी चळवळ सुरू झाली, तीत जगन्नाथ शंकरशेट व जमशेटजी जिजीभाई हे प्रमुख होते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीस १८४९ मध्ये ब्रिटिश संसदेच्या अधिनियमान्वये मान्यता मिळाली व त्याच वर्षी ईस्ट इंडिया कंपनीशी तिचा करार झाला. या करारातील कळीचे कलम हमीचे होते. भागधारकांनी गुंतविलेल्या रकमेवर पाच टक्के व्याज देण्याचे सरकारने मान्य केले. मार्गासाठी लागणारी जमीन सरकारने विनामूल्य द्यावयाची होती. उत्पन्न कमी पडल्यास तूट भारताच्या महसुलातून भरून निघणार होती.

या हमीमुळे लंडनमध्ये भांडवल सहज जमले. भारतात लोहमार्ग चालेल की नाही, लोक त्यातून प्रवास करतील की नाही, याची चिंता भागधारकास करावी लागली नाही. भागधारकांत भारतीयांचे प्रमाण अत्यल्प राहिले. काटकसरीची प्रेरणा मात्र नाहीशी झाली. व्हाइसरॉयच्या मंडळाचा माजी अर्थसदस्य विल्यम मॅसी याने १८७२ मध्ये ब्रिटिश संसदीय समितीपुढे साक्ष देताना स्पष्टपणे सांगितले, की व्याजाची हमी मिळालेल्या गुंतवणूकदारास आपला पैसा सत्कारणी लागला की वाया गेला, याचे सोयरसुतक उरले नव्हते. तंत्रविद्येचा धोका अशा रीतीने गुंतवणूकदाराच्या खांद्यावरून भारतीय करदात्याच्या खांद्यावर सरकला.

मुंबई–ठाणे मार्ग १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाला. मे १८५६ मध्ये गाडी पळसदरीवरून खोपोलीपर्यंत पोहोचली. जून १८५८ मध्ये वरच्या बाजूस खंडाळा–पुणे मार्ग सुरू झाला. मधला घाट उतारूंना पालखी, तट्टू किंवा बैलगाडी यांच्या साहाय्याने ओलांडावा लागे. पळसदरी ते लोणावळा या सु. २५ किमी. चढणीचे काम कंपनीचा मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कली याने आखले होते. या अंतरात मार्गाला सु. ५५८ मी. चढावयाचे होते, काही ठिकाणी चढ ३७ मीटरांस एक मीटर इतका तीव्र होता. त्यावर २५ बोगदे व ८ मोठे दगडी सेतू बांधावे लागले आणि कड्याच्या टोकाशी गाडीची दिशा उलटविणारे एक स्थानक ठेवावे लागले.

काम ठेकेदारांमार्फत चाले. मुंबई–ठाणे मार्गाच्या बांधणीत भाग घेतलेला फेव्हिएल हा घाटाचा पहिला ठेकेदार. त्याच्या काळात, १८५९ च्या आरंभी, मजुरीच्या तक्रारींवरून मजुरांचा दंगा झाला. त्याच वर्षी त्याने ठेका सोडला. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल हा भारतात पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत मरण पावला. त्याची पत्नी ॲलिस हिने ठेका पुढे चालविला व प्रत्यक्ष कामासाठी अनुभवी अभियंते नेमले. १८६१ मध्ये घाटावर चाळीस हजारांहून अधिक मजूर काम करीत होते. कॉलरा, ताप व अपघात यांनी त्यांतील फार मोठ्या संख्येने माणसे दगावली. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर याच्या हस्ते घाटमार्गाचे उद्घाटन झाले. बर्कली त्यापूर्वीच, १८६२ मध्ये, निवर्तला होता. पुढे १९०० मध्ये सरकारने हा लोहमार्ग विकत घेतला. १९२९ मध्ये मुंबई–पुणे मार्गाचे विद्युतीकरण झाले आणि त्याच सुमारास नवी आखणी होऊन उलटणीचे स्थानक बंद पडले.

जलविद्युत् योजनेचा उगम : घाटमार्ग सुरू झाल्यावर देशावरचा कापूस मुंबईस वेगाने येऊ लागला व मुंबईतील कापड गिरण्यांची संख्या वाढत गेली. या गिरण्या वाफेवर चालत. मुंबईजवळ कोळशाच्या खाणी नसल्याने बंगालमधून किंवा परदेशांतून आणलेला महाग कोळसा वापरावा लागे. गिरण्यांच्या धुराने शहराचे आरोग्यही बिघडत होते.

याच काळात पाश्चात्त्य देशांत विजेच्या तंत्रविद्येत मूलगामी बदल झाले. लेस्टर पेल्टन याने १८८० मध्ये एकस्व घेतलेले जलचक्र मोठ्या उंचीवरून पडणाऱ्या थोड्या पाण्यापासूनही कार्यक्षमतेने शक्ती मिळवू शके. १८९१ मध्ये जर्मनीत लाउफेन ते फ्रँकफुर्ट असे सु. १७५ किमी. अंतरावर उच्च दाबाच्या प्रत्यावर्ती प्रवाहाचे प्रेषण यशस्वी झाले. १८९६ मध्ये नायगारा धबधब्याची वीज बफलो शहरास मिळू लागली. भारतात दार्जिलिंग येथे १८९७ मध्ये लहान जलविद्युत् केंद्र निघाले. १९०२ मध्ये म्हैसूर संस्थानने शिवसमुद्रम् येथील वीज सु. १४८ किमी. दूर असलेल्या कोलार सुवर्णखाणींना पुरविली. शक्तीचे उगमस्थान व वापराचे ठिकाण एकाच जागी असण्याची अट त्यामुळे संपली. सह्याद्रीवरील पाण्याने मुंबईच्या गिरण्या चालविणे प्रथमच शक्य कोटीत आले.

लोणावळ्याच्या पाण्याचा असा उपयोग करण्याची कल्पना मुंबईतील डेव्हिड गॉस्टलिंग याने जमशेटजी नसरवानजी टाटा (१८३९–१९०४) यांच्यापुढे मांडली. जमशेटजींचा नागपूर येथील एम्प्रेस मिल चालविण्याचा अनुभव असल्याने शक्तीच्या खर्चाचे गिरणीच्या हिशेबातील महत्त्व ते जाणून होते. त्यांच्या निधनानंतर पुत्र दोराबजी टाटा (१८५९–१९३२) व सहकारी यांनी योजना पुढे नेली. आर. बी. जॉयनर या अभियंत्याने तलावांच्या जागांची पाहणी केली. १९०७ मध्ये मुंबई सरकारकडून वीजपुरवठ्याचा परवाना मिळाला.

भांडवलाची उभारणी : या योजनेपुढे तिहेरी अडचण होती. वीज खात्रीने मिळेल असे दिसल्याशिवाय गिरणीमालक आपली चालू वाफेची यंत्रे काढण्यास तयार होणार नव्हते. ग्राहक निश्चित असल्याशिवाय गुंतवणूकदार पैसे देणार नव्हते आणि पैसे हाती आल्याशिवाय धरणे बांधता येणार नव्हती. लोहमार्गाच्या वेळी हा पेच सरकारी हमीने सुटला होता. येथे व्याजाची हमी नव्हती. प्रवर्तकांनी प्रथम गिरण्यांशी दीर्घ मुदतीचे वीजखरेदीचे करार केले. कोळशाच्या खर्चापेक्षा कमी पडेल असा दर आधीच ठरविण्यात आला. अद्याप न बांधलेल्या केंद्राच्या विजेला असा ग्राहक मिळाल्यामुळे भावी उत्पन्नाचा हिशेब कागदावर मांडता येऊ लागला. अभियंत्यांचा अहवाल, सरकारी परवाना व गिरण्यांचे करार या तीन कागदांच्या आधारे भांडवलाची मागणी करण्यात आली.

प्रारंभी लंडनच्या बाजारात भांडवल मिळविण्याचा प्रयत्न झाला. परंतु मान्य होण्यासारख्या अटी मिळाल्या नाहीत. या वेळी पोलाद कारखान्याचा अनुभव उपयोगी पडला. १९०७ मध्ये टाटा आयर्न अँड स्टील कंपनीसाठीही लंडनमध्ये प्रतिसाद न मिळाल्याने भारतात भागविक्री करण्यात आली होती. स्वदेशीच्या वातावरणात सु. आठ हजार भारतीयांनी तीन आठवड्यांच्या आत सर्व भांडवल पुरविले होते. खेळत्या भांडवलासाठी काढलेली ऋणपत्रे ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी घेतली होती. मुंबईचा गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क (नंतर लॉर्ड सिडनहॅम) याने जलविद्युत् योजनेसही भारतीय भांडवलच मिळवावे, असा आग्रह धरला. संस्थानिक व मुंबईचे व्यापारी यांनी भाग घेतले आणि नोव्हेंबर १९१० मध्ये पावणेदोन ते दोन कोटी रुपयांच्या भांडवलाची टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी नोंदविली गेली. या प्रकारच्या अपरिचित तंत्रविद्येत भारतीयांनी सरकारी हमीविना एवढी रक्कम गुंतवावी, ही गोष्ट त्या काळी अपूर्व होती.

योजनेची रचना : फेब्रुवारी १९११ मध्ये क्लार्कच्या हस्ते वळवण धरणाची कोनशिला बसविण्यात आली. लोणावळा, वळवण व शिरवता या तीन तलावांत पावसाचे पाणी साठविण्याची व्यवस्था होती. तेथून दगडी कालव्यांनी ते खंडाळ्याजवळील अग्रकुंडात व पुढे पोलादी नळांतून पायथ्याच्या खोपोली शक्तिगृहात आणण्यात आले. या नळांतील पाण्याचा शीर्ष सु. ५२५ मी. असून तोटीजवळील दाब दर चौ. सेंमी.ला ५० किग्रॅ.हून अधिक असे. इतक्या दाबाखाली टिकणारे नळ, जलचक्रे, जनित्रे व रोहित्रे यूरोप व अमेरिकेतून मागविण्यात आली. ही अवजड सामग्री खोपोलीच्या लोहमार्गामुळे डोंगराच्या पायथ्यापर्यंत आणता आली. १८५६ च्या तंत्रविद्येने १९११ च्या तंत्रविद्येची वाट सुकर केली. तयार झालेली वीज एक लक्ष व्होल्ट दाबाने सु. ७० किमी. लांबीच्या तारांवरून मुंबईस नेण्यात आली. फेब्रुवारी १९१५ मध्ये पुरवठा सुरू झाला.

पहिल्या महायुद्धामुळे परदेशी यंत्रे मिळण्यास विलंब झाला. परंतु कोळशाच्या टंचाईमुळे विजेची मागणीही वाढली. १९१६ मध्ये आंध्रा व्हॅली पॉवर सप्लाय कंपनी स्थापन झाली. ठोकरवाडी येथील धरणाचे पाणी डोंगरातून काढलेल्या सु. २·६५ किमी. लांबीच्या बोगद्याने कर्जत तालुक्यातील भिवपुरी शक्तिगृहाकडे वळविण्यात आले. १९२२ मध्ये तेथून वीजपुरवठा होऊ लागला. १९१९ मध्ये टाटा पॉवर कंपनी निघाली; तिने मुळशी येथे मुळा नदीवर धरण बांधून पायथ्याच्या भिरा येथे शक्तिगृह उभारले. तिन्ही कंपन्या कायद्याने स्वतंत्र, तथापि एकाच व्यवस्थापन अभिकर्त्याच्या हाती होत्या. एका योजनेचे यश हे पुढच्या योजनेच्या भांडवलासाठी तारण ठरत गेले. या पद्धतीची दुसरी बाजू युद्धोत्तर मंदीत दिसली. कर्जाचा भार वाढला आणि १९२९ च्या सुमारास अमेरिकन अँड फॉरिन पॉवर या कंपनीस अभिकरणात भागीदारी द्यावी लागली.

जमीन व मुळशी सत्याग्रह : भांडवल, यंत्रे व ग्राहक यांची जुळणी करारांनी झाली, जमिनीची झाली नाही. १८९४ च्या भूमिसंपादन अधिनियमातील सातव्या भागानुसार खाजगी कंपनीसाठीही सरकारला सक्तीने जमीन घेता येत असे. लोहमार्ग कंपनीस सरकारने जमीन फुकट दिली होती. वीज कंपनीस तिची किंमत द्यावी लागली. मात्र विकावयाचे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार दोन्ही वेळा शेतकऱ्यास नव्हता. दऱ्या बुडवून तलाव करावयाचा, तर बुडणारी जमीन म्हणजे मावळातील उत्तम भातखाचरेच असत, कारण दरीच्या तळाशीच गाळाची माती व पाणी असते.

मुळशी पेट्यातील सु. पन्नास गावे धरणामुळे बुडणार होती. कंपनीने जमिनीचा रीतसर ताबा मिळण्यापूर्वीच खोदकाम सुरू केल्याने असंतोष भडकला. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, सत्याग्रहास आरंभ झाला. पांडुरंग महादेव ऊर्फ सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे इ. त्याचे नेते होते. मावळ्यांनी धरणाच्या जागी ठाण मांडून काम बंद पाडले. काहींना तुरुंगवास झाला. नुकसानभरपाईच्या प्रश्नाने शेतकऱ्यांच्या बाजूतच फूट पडली. अनेक जमिनी सावकारांकडे गहाण पडल्या होत्या किंवा त्यांच्या मालकीच्या झाल्या होत्या; सावकारांना रोख भरपाई लाभदायक होती, तर कुळांना जमिनीखेरीज उपजीविकेचे साधन नव्हते. डिसेंबर १९२४ मध्ये बापट यांनी काम रोखण्यासाठी सशस्त्र मार्ग अवलंबिला; त्यांस अटक होऊन सात वर्षांची शिक्षा झाली आणि सत्याग्रह संपला. १९२७ मध्ये भिरा केंद्र सुरू झाले. मोठ्या धरणाविरुद्ध संघटित रीतीने लढला गेलेला हा जगातील पहिल्या लढ्यांपैकी एक मानला जातो.

या संघर्षाने एक मूलभूत मुद्दा पुढे आणला. जलविद्युत् कंपनीचे भागधारक भारतीय होते, ग्राहक गिरण्याही बव्हंशी भारतीय मालकीच्या होत्या आणि योजनेस राष्ट्रीय उद्योगाचे स्वरूप होते. त्यामुळे विरोध करणाऱ्यांवर प्रगतीच्या आड येण्याचा आरोप झाला. उलट सत्याग्रहींचे म्हणणे असे, की भांडवल स्वदेशी असले म्हणून सक्ती न्याय्य ठरत नाही. भागधारकाने धोका स्वेच्छेने पत्करला होता व त्याबदल्यात त्यास लाभांश मिळणार होता. बुडित गावांतील कुळाने पत्करलेला धोका हा सर्वांत मोठा असूनही त्यास योजनेत भाग नव्हता. भूमिसंपादनाचे कायदे पुढे अनेकदा बदलले, तरी भरपाई व भागीदारी यांतील हा भेद महाराष्ट्रातील नंतरच्या धरणग्रस्तांच्या चळवळींतही कायम राहिला.

परिणाम : वीज, पाणी व लोहमार्ग एकत्र आल्याने खोपोली हे औद्योगिक नगर बनले, पोलाद, कागद, रसायने इत्यादींचे कारखाने या भागात निघाले. शक्तिगृहातून बाहेर पडणारे पाणी खोपोली येथे पाताळगंगेस व भिवपुरी येथे उल्हासेस मिळते. त्यामुळे या नद्यांना उन्हाळ्यातही प्रवाह राहतो व त्यांच्या काठी उद्योग व पाणीपुरवठा योजना वाढल्या. दुसऱ्या बाजूस, कृष्णा खोऱ्यातील पाणी पश्चिमेकडे वळविले जाणे हा राज्याराज्यांतील पाणीवाटपाचाही विषय झाला. कृष्णा पाणी तंटा लवादाच्या निवाड्यात (१९७३, १९७६) या वळणाची मर्यादा विचारात घ्यावी लागली. कर्जत-खालापूर भागातील ठाकूर व कातकरी वाड्यांवरून उच्च दाबाच्या तारा १९१५ पासून गेल्या. तथापि ही वीज मुंबईसाठी होती. ग्रामीण विद्युतीकरणास खरी गती १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाल्यानंतर मिळाली.

तिन्ही वीज कंपन्यांचे २००० मध्ये टाटा पॉवर कंपनीत एकत्रीकरण झाले. खोपोली, भिवपुरी व भिरा येथील केंद्रांची एकूण क्षमता सु. ४४७ मेवॉ. आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये शिरवता (१,८०० मेवॉ.) व भिवपुरी (१,००० मेवॉ.) येथे उदंचन साठवण प्रकल्प उभारण्याबाबत राज्य शासन व कंपनी यांच्यात सामंजस्य करार झाला. अशा प्रकल्पात स्वस्त विजेच्या वेळी पाणी वर चढवून मागणीच्या वेळी ते पुन्हा खाली सोडतात. सौर व पवनशक्तीच्या अनियमित पुरवठ्यास त्यामुळे आधार मिळतो.

मूल्यमापन : पळसदरी–खोपोली परिसरात यंत्रांइतकेच महत्त्व धोक्याच्या वाटणीला होते, असे दिसून येते. लोहमार्गाच्या उभारणीत भांडवल हमीवर आले व धोका करदात्याने सोसला. जलविद्युत् योजनेत प्रवर्तकांनी परवाना, तांत्रिक अहवाल व आगाऊ करार यांची सांगड घालून विश्वास निर्माण केला आणि भारतीय भागधारकांनी धोका स्वतः उचलला. हमीच्या पद्धतीपेक्षा ही निःसंशय प्रगती होती. उद्योजकाच्या या जुळणीत पैसा, यंत्रे व बाजारपेठ यांचे मालक वाटाघाटीस बसू शकले. श्रम व जमीन देणाऱ्यांना ती संधी मिळाली नाही. घाटातील मजुरांचा दंगा व मुळशीचा सत्याग्रह हे दोन्ही या उणिवेतूनच उद्भवले. त्याच उतारावर आज नव्या तंत्रविद्येची आखणी होत असताना तिच्या यशाची कसोटी या अपूर्ण राहिलेल्या वाटणीवरही अवलंबून राहील.